सोपाऱ्याची शिळा



मागील महिन्यातील एका रविवारी आमच्या घरची सात माणसे सकाळच्या लोकलने चर्चगेटला निघाली. निमित्त नातवाच्या शाळेचे होते. सातवीच्या मुलांना ‘माझ्या गावाचा इतिहास’ या विषयावर चार पाने लिहून आणावयास सांगितले होते. चिरंजीवांनी पहिले वाक्य लिहिले, ‘नालासोपारा हे मुंबईजवळचे उपनगर असून येथे लोकलला फार गर्दी असते,’ आणि तेथेच लेखणी अडली. जेवताना त्याने मला विचारले, “दादा, आपल्या गावाला इतिहास आहे का?”

प्रश्न साधा होता, परंतु मला लागला. या गावात मी चव्वेचाळीस वर्षे भुसार मालाचे दुकान चालवीत आहे. येथील पाऊस, येथील उधारी आणि येथील रस्त्यांचे खड्डे मला पाठ आहेत. तथापि सोयरिकीची बोलणी चालू असताना कोणी गाव विचारले, तर मी आजवर ‘वसईजवळ’ असे म्हणून वेळ मारून नेत आलो आहे. आपल्यापैकी पुष्कळांचा हाच परिपाठ असावा. ज्या गावाने अन्न दिले त्याचे नाव घेताना आवाज खाली यावा, हे काही बरे नाही.

दुकानात तात्या तांदूळ मोजत होते. तात्या आमच्याकडे एकतीस वर्षे आहेत. मूळचे इथलेच. मी नातवाचा प्रश्न त्यांना सांगितला तेव्हा मापावरून नजर न हलवता ते म्हणाले, “शेठ, बुरूड राजाचा कोट तुम्ही बघितला नाही अजून? लहानपणी आम्ही तिथं गुरं घेऊन जायचो. आजी सांगायची, खाली राजाचं धन आहे, साहेबानं उकरून नेलं.” मी चाट पडलो. धन नेले हे खरे होते. ते कोठे नेले हेही मी अर्धवट वाचले होते. पाहावयास मात्र कधी गेलो नव्हतो. म्हणून रविवारी आम्ही सहाजण निघालो, तेव्हा सातवे माणूस म्हणून तात्यांनाही आग्रह करून बरोबर घेतले.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणजे आपल्या जुन्या पिढीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. इमारतीची कोनशिला 1905 साली बसली आणि संग्रहालय लोकांसाठी खुले झाले ते 1922 साली. घुमटाखाली उभे राहिल्यावर सूनबाईंनी बाहुबलींच्या कांस्यमूर्तीची चौकशी केली. अंगावर वेली चढलेली ती मूर्ती आणि पार्श्वनाथ प्रभूंची प्राचीन कांस्यप्रतिमा यांच्याविषयी स्वतंत्र लिहावे लागेल, म्हणून आज त्या वाटेला जात नाही. आम्ही आलो होतो आमच्या गावचा दगड पाहावयास.

दगड पाहून नातवाचा चेहरा उतरला. “एवढाच?” असे तो म्हणाला. मोठ्या काळ्या कातळाचा फुटून उरलेला तुकडा, त्यावर काड्या मांडल्यासारखी अक्षरे. ना सोने, ना तलवार. पण ही अक्षरे सम्राट अशोकाच्या काळची, म्हणजे सुमारे बावीसशे पन्नास वर्षांपूर्वीची आहेत. लिपी ब्राह्मी. ती वाचण्याची किल्ली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज पंडिताला 1837 साली सापडली. भाषा प्राकृत आहे, आणि येथे आपल्या वाचकांनी थोडे थांबावे. घरी करून आणलेले टिपण मी हलक्या आवाजात वाचू लागलो तेव्हा आमच्या सौभाग्यवती मध्येच म्हणाल्या, “हे तर कानाला आपल्या सूत्रांसारखं लागतं.” नित्य प्रतिक्रमण करणाऱ्या कानाला अशोकाची भाषा परकी वाटत नाही, हे कोणत्याही पुस्तकात मी वाचले नव्हते. ते मला त्या दिवशी समजले.

अशोकाने आपल्या चौदा आज्ञा राज्याच्या निरनिराळ्या टोकांस खडकांवर कोरविल्या. गुजरातेत गिरनारच्या पायथ्याशी त्या आजही एकत्र पाहावयास मिळतात. गिरनारची यात्रा करणाऱ्या आपल्या बांधवांनी चढण सुरू होण्याआधी तो खडक पाहिलाही असेल. महाराष्ट्रात या चौदा आज्ञांचे अंश मिळाले ते सोपाऱ्यात. आठव्या आज्ञेचा तुकडा 1882 साली भातेला तलावाजवळ सापडला, आणि नवव्या आज्ञेचा तुकडा 1956 साली भुईगावला. उरलेल्या आज्ञाही येथे असणार, असे मानण्यास जागा आहे. कोण जाणे, कोणाच्या जुन्या विहिरीच्या काठाला किंवा पायरीला तो खडक लागलेला असेल! तात्या म्हणाले, “आमच्याकडं कपडे धुवायचे जुने दगड उलटे करून बघायला पाहिजेत.” ते विनोदाने बोलले, परंतु मला त्यात विनोद वाटला नाही.

आठव्या आज्ञेत राजा सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात. त्या यात्रेत शिकार आणि तशीच इतर करमणूक चाले. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. ब्राह्मण आणि श्रमण यांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट, गावोगावच्या लोकांची भेट आणि त्यांच्याशी धर्मचर्चा असे तिचे स्वरूप होते. शिकार सोडून श्रमणांच्या दर्शनास निघालेल्या राजाचा शब्द ज्या गावच्या दगडावर कोरलेला आहे, त्या गावात आपण कांदे-बटाटेही न खाणारी माणसे पोटापाण्यासाठी येऊन राहिलो, हा योगायोग मला गोड वाटतो.

नववी आज्ञा मात्र इतकी गोड नाही. ती बोचते. राजा म्हणतो, आजारपणात, मुलामुलींच्या विवाहात, पुत्रजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलकार्ये करतात. त्यातही स्त्रिया पुष्कळ क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात. हे वाचताच मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्यांनी तत्काळ उत्तर दिले, “आणि दुकानाच्या नव्या काउंटरला मुहूर्त विचारायला ज्योतिषाकडे कोण गेलं होतं?” सूनबाई हसल्या आणि मी पुढे वाचू लागलो. अशोक विधींना अगदीच नको म्हणत नाही. मंगल करावे, पण त्याचे फळ थोडे, असे त्याचे म्हणणे. मोठे फळ देणारे मंगल म्हणजे धर्ममंगल. ते कोणते? दास आणि नोकर यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

यांतील शेवटच्या तिन्ही गोष्टी आपल्या घरी लहानपणापासून शिकविल्या जातात. गुरुवंदन होते, जीवदयेची पेटी दुकानात आहे, मुनिमहाराजांच्या गोचरीची वाट पाहिली जाते. परंतु राजाने यादीत पहिले ठेवले आहे नोकराशी वर्तन. आणि माझा नोकर माझ्या शेजारी हात मागे बांधून, चष्मा कपाळावर चढवून, ते टिपण ऐकत उभा होता.

येथे एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. घरात धाकट्या चिरंजीवांचे लग्न ठरले आहे. हॉल, मंडप, रोषणाई, पाहुण्यांना द्यावयाच्या भेटी यांची यादी सहा पानांची झाली आहे. गेल्या दिवाळीत तात्यांनी मला विचारले होते, “शेठ, माझं वय झालं, पुढचं काही बघाल का?” मी म्हणालो होतो, “बघू या.” एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही माप कमी-जास्त केले नाही. त्यांच्या नावे मी मात्र पगार आणि दिवाळीची बोणी यांपलीकडे एक पैसा बाजूला टाकला नव्हता. ‘बघू या’ हा आपल्या व्यापारी भाषेतला फार सोयीचा शब्द आहे. त्यात नकारही नसतो आणि खर्चही नसतो. दगडासमोर उभे असताना तात्या काहीच बोलले नाहीत. नातवानेच विचारले, “दादा, भृतक म्हणजे तात्यांसारखे का?” मी “हो” म्हटले आणि पुढच्या दालनाकडे निघालो.

बाहेर येऊन झाडाखाली डबे उघडले. तेथे मी नातवाला हा दगड शोधून काढणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. भगवानलाल इंद्रजी हे जुनागढचे. गिरनारच्या त्याच खडकाने त्यांना लहानपणी वेड लावले. कॉलेजचे शिक्षण नाही, इंग्रजीही बेताचे. मुंबईत येऊन ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याजवळ काम करू लागले आणि शिलालेखांचे ठसे घेत सारा देश पायाखाली घातला. पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. आपल्या समाजावर त्यांचे आणखी एक ऋण आहे. ओरिसातील हाथीगुंफेचा लेख, ज्याचा प्रारंभ अरिहंत आणि सिद्ध यांना नमस्काराने होतो, तो कलिंगाच्या जैन राजा खारवेलाचा आहे हे नीट वाचून जगापुढे मांडणारे हेच भगवानलाल. 1888 साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी ते गेले. इतक्या मोठ्या माणसाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते.

1882 च्या एप्रिलमध्ये भगवानलालांनी सोपाऱ्यातील बुरूड राजाचा कोट खणला. लोक ज्याला बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बुरूड राजाचा किल्ला समजत, तो विटांचा बौद्ध स्तूप निघाला. मध्यभागी विटांच्या कोठडीत दगडी पेटी होती आणि तिच्यात तांब्याचा करंडक. त्याच्या आत चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. एकात एक असे पाच करंडक उघडत गेल्यावर आतून काय निघावे? सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याची काही खापरे. ती भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राची मानून कोणी तरी जपली होती. करंडकाभोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या. त्या आठव्या-नवव्या शतकातील आहेत, म्हणजे स्तूप शतकानुशतके लोकांच्या श्रद्धेत राहिला होता. सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणेही मिळाले. हा सारा ठेवा सरकारने एशियाटिक सोसायटीला दिला आणि तो मुंबईच्या टाउन हॉलमध्ये सोसायटीने जपला आहे. तात्यांच्या आजींनी सांगितलेले ‘राजाचे धन’ हेच. सोन्याच्या पेटीत खापर ठेवणाऱ्या त्या लोकांना मोलाची आपल्याहून निराळी पारख होती. तात्यांनी हे ऐकून एवढेच विचारले, “मग ती खापरं अजून आहेत?” आहेत म्हटल्यावर त्यांचे समाधान झाले.

आता गावाविषयी. वसई हे साष्टीप्रमाणेच एकेकाळी बेट होते. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला मुख्य भूमीपासून तोडणारी सोपाऱ्याची खाडी. या खाडीतून गलबते आत येत. पुढे गाळ भरत गेला, पाणी मागे हटले, आणि आज ज्या नाल्यावरून आपण नाक दाबून रिक्षाने जातो, त्या बाजूला कधी काळी बंदर होते हे सांगूनही खरे वाटत नाही. महाभारतात शूर्पारक आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत भडोचच्या खालच्या बंदरांत सोपाऱ्याचे नाव आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखातही आहे. नाणेघाट चढून जुन्नरकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी पाण्याची एक पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाने खोदविली, असा लेख त्या घाटात आहे. बैलांचे तांडे आणि तहानलेली माणसे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिली असणार. आपल्या जातीचा, म्हणजे व्यापारी जातीचा, हा दोन हजार वर्षांपूर्वीचा शेजारी. तो कोणत्या धर्माचा होता हे विचारण्याचे मला कारण वाटत नाही.

जकातीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. शके 1016, म्हणजे इसवी सन 1094 मधील खारेपाटणच्या ताम्रपटात शिलाहार राजा अनंतदेवाने भाभण श्रेष्ठी आणि त्यांचे बंधू धणाम श्रेष्ठी यांच्या गलबतांना ठाणे, सोपारे, चौल इत्यादी बंदरांत जकात माफ केली आहे. हे दोघे बंधू राजाचे अमात्यही होते. राजदरबारी वजन असलेल्याची जकात माफ होते, ही रीत तेव्हाही होती असे दिसते. चिरंजीव हे ऐकून म्हणाले, “आपल्या जीएसटीचा ताम्रपट कोण देणार?” असो.

आपल्या ग्रंथांत सोपाऱ्याचे नाव किती ठिकाणी आले आहे हे पाहून मी स्वतः चकित झालो. जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात लिहिलेल्या विविधतीर्थकल्पात सोपारकातील जीवंतस्वामी ऋषभदेवांच्या प्रतिमेचा उल्लेख आहे. आयंबिलाच्या ओळीत आपण ज्यांची कथा ऐकतो ते श्रीपाल राजे सोपाऱ्याच्या महासेन राजाचे जामात. तिलकसुंदरी ही इथलीच कन्या. आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराशी मोतीशा शेठांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. तेथे आपण दर्शनाला जातो, पण वाटेतला सोपारा पाहत नाही.

मला सर्वांत जवळची वाटते ती वज्रसेनसूरींची कथा. वज्रस्वामींच्या काळी बारा वर्षांचा दुष्काळ पडला. वज्रस्वामींनी आपले शिष्य वज्रसेन यांना सांगून ठेवले होते की ज्या दिवशी लाख मोलाचा भात एका हंडीत शिजेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. फिरत फिरत वज्रसेन सोपाऱ्यास आले. तेथे जिनदत्त श्रेष्ठी आणि त्यांची पत्नी ईश्वरी चार पुत्रांसह राहत होती. धन होते, धान्य नव्हते. लाख नाणी मोजून शेवटचा तांदूळ आणला होता आणि तो शिजल्यावर त्यात विष कालवून साऱ्या कुटुंबाने देह ठेवण्याचे ठरले होते. त्याच वेळी मुनी भिक्षेसाठी दाराशी उभे राहिले. ईश्वरीने खरे ते सांगितले. मुनी म्हणाले, विष टाकू नका, उद्या धान्य येईल. आणि दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदरात लागली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निर्वृती आणि विद्याधर या चार पुत्रांपासून चार कुळे चालली. आजचे तपागच्छ आणि खरतरगच्छ आपली परंपरा त्यांतील चंद्रकुळाशी जोडतात.

ही कथा मी व्याख्यानात पुष्कळदा ऐकली होती. पण ती जहाजे ज्या बंदराला लागली ते बंदर माझ्या दुकानापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, हे कधी मनात आले नव्हते. मी धान्याचा व्यापारी आहे. भाव चढत असताना कोठार बंद ठेवण्याचा मोह काय असतो, हे मला कोणी शिकवायला नको. त्या दिवशी शहरात कोणाच्याच कोठारात धान्य नव्हते, की काही कोठारांना कुलपे होती, हे कथा सांगत नाही. धान्य आले ते बाहेरून, समुद्रातून आले, इतकेच ती सांगते.

परतीच्या गाडीत बोरिवलीपर्यंत उभे राहावे लागले. तात्यांना जागा मिळाली, ती त्यांनी नातीला दिली. रात्री मी लग्नाची सहा पाने काढून बसलो. प्रवेशद्वारापासून व्यासपीठापर्यंतच्या विदेशी फुलांच्या रकमेवर माझा हात थांबला. सौभाग्यवतींनी न विचारता ती ओळ खोडली आणि म्हणाल्या, “मोगरा आणि झेंडू पुरे.” मुलाने एकतीस वर्षांचा हिशेब मांडला. वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार धरला तरी रक्कम फुलांच्या दुपटीहून अधिक होत होती. म्हणून रोषणाईलाही हात लावावा लागला. चिरंजीव थोडे रुसले, हे लपवीत नाही. रक्कम पोस्टात तात्या आणि त्यांच्या पत्नीच्या जोड नावाने ठेवली. पासबुक दिले तेव्हा त्यांनी ते दोनदा उलटून पाहिले आणि म्हणाले, “दिवाळीत सांगितलं असतंत तर पत्रे बदलून घेतले असते, पाऊस आत येतो.” मला त्यावर उत्तर देता आले नाही. पत्र्यांचे काम आता चालू आहे.

त्यानंतरच्या रविवारी तात्यांनीच आम्हाला बुरूड राजाचा कोट दाखविला. नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला उतरून रिक्षाने तेथे पोहोचता येते. पुरातत्त्व खात्याने जागा राखली आहे. आत गेल्यावर विटांचा बसका उंचवटा आणि झाडे दिसतात. याहून फार काही नाही, म्हणून मनाची तयारी करून जावे. बौद्ध बांधव वंदनेसाठी येतात, तेव्हा तेथे शांतता पाळावी आणि विटांवर चढू नये. जवळच चक्रेश्वर मंदिरात ब्रह्मदेवाची उभी प्राचीन मूर्ती आहे, तीही पाहण्यासारखी. शक्यतो सकाळी जावे आणि पावसाळ्यापूर्वी जावे, कारण नंतर चिखल होतो. बरोबर पाणी असू द्यावे. गोविंददासाची पोढी येथे नाही.

नातवाची चार पाने अकरा झाली. बाईंनी शेरा दिला आहे की विषय सोडून फार लिहिले.